रंगाखालचा क

प्रवेश परीक्षेत सुकन्या घुगे तालुक्यात पहिली आली, तरी कॉलेजात जागा मिळेल याचा भरवसा नव्हता. दहावीला तिची श्रेणी अ होती आणि अकरावीला थेट क. त्यात मुलाखतीला बसले होते प्राचार्य धारणकर, आणि त्यांच्यापुढे ब्र काढायची कुणाची छाती नव्हती.

गुणपत्रिका दोन बोटांत धरून ते म्हणाले, "काय गं, परीक्षेत एवढे गुण आणि वर्गात क? असली वरखाली उड्या मारणारी पोरं आम्हाला नकोत. क म्हणजे क! तो पुसता येत नाही."

सुकन्यानं मान खाली घातली नाही. "सर, फाटकावरच्या पाटीवर कॉलेजची श्रेणी अ लिहिलीय. पण त्या रंगाखालून जुना क दिसतोय. तो कसला?"

बाकीचे प्राध्यापक खिडकीबाहेर बघू लागले. धारणकर लालबुंद झाले. "तो मागच्या तपासणीचा! तेव्हा छप्पर गळत होतं, प्रयोगशाळा नव्हती. आज काय आहोत ते बघ की!"

"अकरावीला आमचंही छप्पर गळत होतं, सर. आई अंथरुणाला खिळलेली, घरच्या भाकऱ्या थापून मी वर्गात जायची. आज काय आहे ते तुम्हीही बघा. आणि एक सांगू? तुम्ही तुमच्या क वर रंग फासलात. मी माझा तुमच्या टेबलावर आणून ठेवलाय."

प्रवेश तिथल्या तिथे झाला. दुसऱ्या दिवशी त्या पाटीला रंगाचा आणखी एक हात मारायला रंगारी आला, तेव्हा सुकन्या त्याच्या शिडीखालून ताठ मानेनं वर्गात गेली.