गिऱ्हाईक रिकाम्या हाती जाऊ नये

सांगा बरं, ज्याच्यापाशी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं त्याच्यावर भरवसा ठेवाल, की अधूनमधून 'माहीत नाही' म्हणणाऱ्यावर? घाई नको. आधी गोष्ट ऐका, मग ठरवा.

एका गावात एक किराणा दुकानदार होता. गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा जन्माचा नेम. मसूर संपली तर मूग बांधून द्यायचा, पण 'नाही' म्हणायचा नाही.

म्हातारपणी दुकान मुलाच्या हाती देऊन त्याने कॅमेरा घेतला आणि परसातल्या चिमुकल्या पाखरांचे फोटो काढू लागला. प्रत्येक फोटो भिंतीवर, खाली पक्ष्याचं नाव. बघता बघता बोलबाला झाला. जो तो मोबाईल पुढे करून विचारायचा, "आबा, हा कोण?" दुकानदार पटकन सांगायचा, "वटवट्या." "शिंजीर." "चष्मेवाला." बरोबर निघालं तर वाहवा; चुकलं तर पाखरू थोडंच तक्रार घेऊन येणार होतं?

पण या गिऱ्हाइकीने तो शिणला. डोळे चुरचुरायचे, पाठ धरायची. माल नसलेलं दुकान उघडं ठेवणं फार दमवतं हो!

एका दुपारी तो जरा आडवा होणार, तोच शेजारीण टोपली घेऊन धावत आली. आत फडक्यावर एक पिल्लू, पिसं जेमतेम फुटलेली, चोच आ वासलेली.

"आबा, वाऱ्याने घरटं फाटलं, हे कुंपणालगतच्या जास्वंदीखाली पडलं होतं. कोणाचं ते लवकर सांगा. चिमणीचं असेल तर तांदूळ कुस्करून भरवते."

'चिमणी' हा शब्द दुकानदाराच्या ओठांवर आलाच होता. एक शब्द बोलला की झोपायला मोकळा. पण पिल्लाने मान वर केली आणि त्याला वाटलं, हा माल चुकीचा गेला तर बदलून देता यायचा नाही.

"माहीत नाही गं," तो म्हणाला.

"अगंबाई! तुमच्या दुकानात 'नाही'?"

स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "काय म्हणालात? परत म्हणा! लग्न झाल्यापासून हा शब्द ऐकला नव्हता!"

दुकानदार हसला नाही. हसायलाही अंगात त्राण नव्हतं. त्याने टोपली त्याच जास्वंदीच्या फांदीला बांधली आणि कॅमेरा घेऊन लांब बसला. "याची आई येईल, तीच सांगेल."

ऊन कलत चाललं. गुडघे ठणकत होते. शेजारीण कुरकुरली, "आबा, आई नाही आली तर? उपाशी मरेल की ते!" तीच भीती त्यालाही होती. पण खोटं नाव सांगून पिल्लाचं पोट भरणार नव्हतं.

शेवटी पानांत काहीतरी हललं. टोपलीच्या काठावर उभ्या शेपटीचं एक इवलंसं पाखरू येऊन बसलं. चोचीत हिरवी अळी! दुकानदाराने बटण दाबलं. फोटो हलला, आली ती नुसती शेपूट आणि अळी.

"शिंपी आहे," तो म्हणाला.

"नक्की?"

"हे नक्की. माथा तांबूस, पाठ हिरवट, शेपूट उभी. याला किडे-अळ्याच लागतात; तांदूळ भरवला असतास तर घशात अडकला असता."

पुढे पंख फुटल्यावर ते पिल्लू आईच्या मागोमाग कुंपणापलीकडे उडून गेलं.

पण शिंपी ओळखला त्या दिवशी संध्याकाळीच दुकानदाराने भिंतीवरच्या फोटोंखालची निम्मीशिम्मी नावं खोडली होती. बायको म्हणाली, "भिंत ओकीबोकी दिसते हो."

"दिसू दे. शिल्लक कमी आहे, पण खरी आहे." एवढं बोलून तो जो झोपला, तो पार उजाडेपर्यंत.

तात्पर्य: ज्याला 'माहीत नाही' म्हणता येतं, त्याच्याच 'नक्की'ला किंमत असते.

तेव्हा मंडळी, पाखरांचा असो की आणखी कशाचा, तुमचा हिशेब तेवढा खरा ठेवा. जे कळलं नाही, ते कळलं नाही असंच मांडा.