मावळणीची मांडी

सावरवळ गावाच्या शिवेवर, डोंगराकडे जाणाऱ्या जुन्या वाटेच्या मधोमध, एक काळी शिळा आडवी पडलेली आहे. रस्ता डांबरी करताना ठेकेदाराने ती हलवण्याची तयारी केली होती. गावाने रस्ताच थोडा वाकवून घेतला. शिळा माणसाच्या कमरेइतकी उंच, वरून सपाट आणि मध्ये खोलगट आहे. बसलेल्या बाईच्या मांडीवर तान्हे मूल निजावे, तसाच तो खोलगटपणा. तिला मावळणीची मांडी म्हणतात. मावळण म्हणजे बापाची बहीण, आत्या. कोणाची आत्या, असे पाहुण्याने विचारले की गावातल्या वयस्क भागूबाई सनगर त्याला आधी बाभळीच्या सावलीत बसवतात आणि मग सांगू लागतात. त्या सांगतात ती हकिगत कुठल्याही कागदात नाही, आणि त्या स्वतः 'म्हणे' हा शब्द कधी गाळत नाहीत.

फार पूर्वी, म्हणे, सावरवळात सगळी घरे सनगरांची होती. घोंगडी विणणे हा त्यांचा धंदा, आणि त्यातली वाटणी पक्की होती. लोकर पिंजायची आणि टकळीवर सूत काढायचे ते बायकांनी. सुताला चिंचोक्यांची खळ लावून मागावर बसायचे ते पुरुषांनी. ही वाटणी देवानेच करून दिली असे गाव मानत होते. देवाला कोणी विचारले नव्हते, एवढेच.

या गावात येमाजी नावाच्या विणकराच्या घरी हौसा लग्न होऊन आली. घरात येमाजीच्या पाठचे एक भावंड होते. ते मुलगा म्हणून जन्मले आणि त्याचे नाव खेमा ठेवले गेले. पण गाव आज खेमाई म्हणते आणि 'ती' म्हणते, म्हणून आपणही तसेच म्हणू. खेमाईचे मन मागावर कधी बसले नाही. ती बायकांच्या घोळक्यात टकळी घेऊन बसे, आणि तिच्या हातचे सूत इतके एकसारखे निघे की येमाजी ते बाजूला काढून घोंगडीच्या काठाला वापरत असे.

एकदा घर रिकामे आहे असे समजून तिने हौसाचे लुगडे नेसून पाहिले. हौसा नेमकी त्याच वेळी पाणी घेऊन परतली होती. तिने पाहिले आणि आवाज न करता दार ओढून घेतले. दुसऱ्या दिवशी तिने आपले एक जुने लुगडे धुऊन खेमाईच्या अंथरुणावर ठेवले. दोघींमध्ये याविषयी एक शब्दही झाला नाही.

गावाला मात्र शब्दांची कमतरता नव्हती. "येमाजीच्या गोठ्यात बैल दूध देतो म्हणे," असे लोक येमाजीला ऐकू जाईल अशा बेताने बोलत. शेवटी गावच्या नात्याने हौसाचे सासरे लागणारे थोरले पंच गोंदजी यांनी निवाडा दिला, "पागोटं बांध आणि मागावर बस. नाहीतर शीव ओलांड." खेमाईने टकळी कमरेला खोचली आणि शीव ओलांडली. येमाजी तेव्हा मागावर होता. त्याने मान वर केली नाही, आणि ते हौसाने पाहिले.

डोंगरावर धनगरांचे वाडे होते. तिथे मेंढरांमागे चालता चालता पुरुषच टकळी फिरवीत असत. हात रिकामा दिसला तर म्हातारे त्यालाच आळशी म्हणत. सावरवळात ज्या कामाने खेमाईची अब्रू गेली, ते काम दोन कोस वर पुरुषाला शोभत होते. धनगर फार उदार होते, असे समजण्याचे कारण नाही. त्यांचीही बंधने होती, आणि ती मोडणाऱ्याची ते गय करीत नसत. पण त्यांच्या बंधनांच्या जाळ्यात खेमाई सापडत नव्हती, हे तिचे नशीब. लुगडे नेसून आलेल्या या पाहुणीला वाड्यातल्या थोरल्या बाईने एकदा नीट निरखले आणि विचारले, "मेंढी व्यायला लागली तर धरता येईल?" येईल, असे ती म्हणाली. तेव्हापासून तिला सगळे खेमाई म्हणू लागले.

इकडे हौसाची कूस उजवली, पण तिची पहिली दोन मुले बारसे झाल्यावर लगेचच दगावली. ती कशाने गेली हे आज कोणी सांगू शकत नाही. तेव्हाही सांगता येत नव्हते, पण गावाने कारण ठरवले. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान मावळणीचा. येमाजीला बहीण नाही, म्हणून दोन्ही वेळा शेजारच्या गावातून चुलत नात्यातली बाई उसनी आणली होती. उसन्या मावळणीने दिलेले नाव मुलाला धरून ठेवत नाही, असे लोक म्हणू लागले.

तिसऱ्या खेपेला मुलगी झाली. ती रडत नव्हती आणि छातीला लागत नव्हती. बारशाचा दिवस उजाडला तेव्हा तिचा श्वास चालू आहे की नाही, हे हौसाला गाल जवळ नेऊन पाहावे लागत होते. ओसरीवर येमाजी शेजाऱ्यांना सांगत होता, "मावळण आणायची तरी कुठून? मला सख्खी बहीण असती तर..."

"आहे," हौसा आतून म्हणाली. "तुम्हीच शिवेबाहेर घातलीत."

हौसा पुढे म्हणाली की लोकर विकायला आलेल्या धनगराबरोबर तिने कालच निरोप धाडला आहे, आणि खेमाई शिवेपाशी येऊन थांबली असेल. ओसरीवर बसलेले गोंदजी उठले. "बारसं घरात होतं. शिवेवर कोण करतं?"

"नाव मुलीला ठेवायचंय, मामंजी. घराला नाही."

येमाजी उठला. त्याने मुलीला दुपट्यासकट उचलले आणि वाटेला लागला. हौसा त्याच्या मागे, आणि तिच्या मागे सारे सावरवळ. कोणी काळजीने, कोणी तमाशा बघायला.

शिवेवर ही शिळा तेव्हाही होती, पण पाट्यासारखी सपाट. तिची अर्धी बाजू गावात आणि अर्धी बाहेर. बाहेरच्या बाजूला खेमाई बसली होती. तिच्यामागे मेंढरे होती आणि दोन धनगर होते. हौसाने तिला इतकी वर्षे 'भावजी' म्हटले होते. आता ती साऱ्या गावादेखत म्हणाली, "वन्सं, पोरीला घ्या."

नणंदेला हाक मारायचा तो शब्द ऐकून खेमाई उठून उभी राहिली. "वहिनी, मी ठेवलेलं नाव गाव घेईल का?"

"गावाचं नंतर बघू. पोर घेते का ते बघा."

येमाजीने मूल पुढे केले. खेमाई शिळेवर चढून बसली, तिने बाळाला मांडीवर घेतले आणि वाकून कानात नाव सांगितले. असे सांगतात, की त्याच क्षणी तो दगड पिंजलेल्या लोकरीसारखा दबला आणि मावळण व भाची दोघी त्यात अलगद बसल्या. आणि मुलीने टाहो फोडला. मेंढरे बुजली. गर्दीतली एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "रडली गं बाई! आता साऱ्या गावाची झोप उडवते बघ!" आणि मघापासून श्वास रोखून उभे असलेले गाव हसले. हौसाने तिथेच, शिळेला टेकून, मुलीला पदराखाली घेतले. मुलगी लागली. हौसा खाली बसली. बसली ती मुलगी तृप्त होईपर्यंत उठली नाही.

नाव 'राही' असे ठेवले होते. ते पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले ते गोंदजींनी. मग घसा खाकरून ते येमाजीला म्हणाले, "मावळणीला शिवेवरून परत लावतात होय रे? साडीचोळीला घरी ने." एवढीच त्यांची माफी. खेमाईने ती पुरेशी मानली. ती घरी गेली, बसून जेवली, आणि पुढे पावसाळ्याचे महिने भावाकडे व उरलेले डोंगरावर राहू लागली. राही म्हातारी होऊन वारली.

शिळेचा खोलगटपणा पाण्याने झिजून झाला, असे शाळेतले गुरुजी म्हणतात. भागूबाईंची त्याला हरकत नाही. पाण्याने झिजलेल्या जागीही मूल निजतेच.

आजही सावरवळात बारसे घरात होत नाही. बाळाला शिळेपाशी आणतात, आणि घरचे ज्याला मावळण म्हणतील ते माणूस मांडीवर बसते. ते कोण, कसे जन्मले, काय नेसले आहे, हे शिवेच्या अलीकडे किंवा पलीकडे कोणी विचारत नाही. गेल्या चैत्रात गावातलाच एक जण पुण्याहून भावाच्या मुलाच्या बारशाला आला होता. नोकरीच्या गावी त्याच्यासोबत राहणारा त्याचा जोडीदारही आला होता. मावळणीचा मान आपल्याकडे येईल, असे दोघांपैकी कोणालाच वाटले नव्हते. भावाने त्याला शिळेवर बसवले आणि मूल त्याच्या ओंजळीत दिले. तो वाकला, कानात काहीतरी बोलला आणि सरळ झाला, तेव्हा साऱ्या गावाने त्याला एकच प्रश्न विचारला.

"नाव काय ठेवलंस?"