केरोबा गुरवाने बुवांच्या वायरी जोडल्या

एका गावात एक भोळा गुरव होता, केरोबा. महादेवाला भोळा म्हणतात खरे. परंतु केरोबा पूजेला बसला की त्या गाभाऱ्यात महादेवच चतुर वाटे.

देवळात एक कॉम्प्युटर होता. त्याच्या हार्ड डिस्कमध्ये वैकुंठवासी अंतोबाबुवांची सारी कीर्तने साठवलेली होती. अन्यत्र कोठेही नव्हती. बुवांच्या पत्नी सगुणाकाकू रोज पहाटे येऊन ती ऐकत आणि मगच चहा घेत. पुढे कॉम्प्युटर बंद पडला. पुण्यतिथी तोंडावर आलेली. देवस्थानाने नव्या कॉम्प्युटरचा डबा आणला. जुनी डिस्क त्यात बसवायची होती. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या, तालुक्याच्या दिगंबर मिस्त्रीचा पाय मोडलेला, म्हणून त्याने फोनवरून सांगावे आणि केरोबाने करावे, असे ठरले.

मिस्त्रीने सांगितले की डिस्कला दोन वायरी लागतात. रुंद वायर करंट देते, अरुंद वायर आतले बोलणे बाहेर आणते. केरोबा अंगठ्याने रेटू लागला. वायर बसेना.

"गुरवबुवा, जोर लावू नका. बसत नसेल तर उलटी करून बघा."

उलटी केली, बसली. केरोबाला हा उपदेश फार आवडला.

दुपारी पिंडीवर पितळी मुखवटा बसेना. केरोबाने तो उलटा केला. बसला. भाविकांनी शीर्षासनातल्या महादेवाचे दर्शन घेतले, आणि एका वृद्धाने तर हनुवटीला गंध लावले. सगुणाकाकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, देव उलटा करतात होय? खाली मूठभर तांदूळ घालावेत, म्हणजे आसन स्थिर होतं."

केरोबाने परतून डब्यात डुगडुगणाऱ्या डिस्कखाली मूठभर तांदूळ घातले. डबा सुरू करताच आतल्या पंख्याने अक्षता उधळल्या. सभामंडपातल्या मंडळींनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीने फोनवरून दाणा न् दाणा काढायला लावला.

"हलणारी वस्तू चारी बाजूंनी आवळायची असते. स्क्रू कशाला दिलेत?"

सायंकाळी भजनात अभंग म्हणणारे रंगनाथतात्या डोलू लागले. हलणारी वस्तू. केरोबाने त्यांना उपरण्यांनी खांबाला चारी बाजूंनी आवळले. तात्यांनी अभंग पूर्ण केला, कारण तोंड तेवढे मोकळे होते. त्यापुढे ते जे बोलले ते कोणत्याही संताच्या गाथेत नाही. सोडवल्यावर मात्र त्यांनी शांतपणे समजावले.

"केरोबा, तल्लीन झालेल्याला बांधू नये. मोकळं सोडावं."

पुण्यतिथीची पहाट झाली. डिस्क पक्की बसली होती, दोन्ही वायरी जागेवर होत्या. बुवांचा आवाज देवळात घुमला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. हळूहळू बुवांचा स्वर चढला, डब्यावरचा दिवा लुकलुकू लागला, डिस्क गुणगुणू लागली. केरोबाने ओळखले, बुवा तल्लीन झाले. त्याने हात जोडले, दोन्ही वायरी उपटल्या, स्क्रू काढले आणि बुवांना मोकळे सोडले.

देऊळ एकदम शांत झाले.

"संसारभर मला यांना गप्प करता आलं नाही," काकू म्हणाल्या. "तू काय केलंस रे?"

"बुवांची समाधी लागली, काकू."

नेमकी तेव्हाच देवळातली रेंज गेली, म्हणून काकू मिस्त्रीला फोन लावायला धावत रस्त्यावर गेल्या. मिस्त्रीने धीर दिला. काहीही बिघडलेले नाही. वायरी पुन्हा जोडल्या की बुवा थांबले तिथूनच बोलू लागतील. काकूंच्या जिवात जीव आला. परंतु मिस्त्रीने मोडक्या पायाची कथा लावली, आणि त्या परतल्या तेव्हा डबा रिकामा होता.

देवळामागे बेलाच्या झाडाखाली केरोबा एका नव्या चौथऱ्यावर सिमेंट फिरवीत होता. संन्याशाला देतात तशीच त्याने बुवांना समाधी दिली होती. खाली मीठ, वर भस्म, त्यावर तांब्याभर तीर्थ.

काकूंनी कसाबसा निरोप सांगितला, "मिस्त्री म्हणतोय, वायरी परत जोड."

"तेवढी अक्कल मला आहे, काकू." केरोबाने सिमेंटमधून वर आलेली, डब्यातून कापून आणलेल्या वायरींची दोन टोके दाखवली. "बुवांना जोडूनच पुरलंय. आता करंट आधी सोडायचा की नैवेद्य आधी दाखवायचा, एवढंच मिस्त्रीला विचारा."