गुणाजी आणि बोटीच्या घशातला कचरा

धरणाच्या फुगवट्याकाठी शिसवली नावाचं गाव होतं, आणि त्या गावात एक भोळा गडी होता. त्याचं नाव गुणाजी. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. सांगितलं तेच करायचा, सांगितलं तेवढंच करायचा. गावाला त्याची भीती वाटायची ती याचमुळे.

धरण झालं तेव्हा शिसवली अलीकडे राहिली आणि शाळा, दवाखाना, बाजार सगळं पलीकडे गेलं. रस्त्यानं जायचं तर चाळीस किलोमीटरचा वळसा. नऊ वर्षं अर्ज केल्यावर गावाला एक जेट बोट मिळाली, तीही तीन महिन्यांच्या बोलीवर. नीट चालली तर गावाची, नाहीतर दुसऱ्या धरणावर.

या बोटीला खाली पंखा नव्हता. पाण्यात बुडालेल्या झाडांच्या खुंटांवर पंखे मोडायचे, म्हणून ही तऱ्हा. पोटाखालच्या जाळीतून ती पाणी ओढून घ्यायची आणि त्याच्या जोरावर पळायची. पण पाण्याबरोबर बाकीचंही ओढायची. जलपर्णी, निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, एकदा तर कुणाची तरी अख्खी सतरंजी. हे सगळं पाण्यात टाकणारे लोक शहाणे होते बरं का. या गोष्टीत भोळा एकटा गुणाजीच आहे.

बोट चालवायची कालिंदीताई. गुणाजी तिचा मदतनीस. बोटीमुळे त्याची भाची शाळेत जाऊ लागली होती, त्यामुळे बोट म्हणजे त्याचा जीव की प्राण.

पहिल्याच आठवड्यात जाळी तुंबली. कालिंदीताईनं इंजिन बंद केलं, झाकण उघडलं, आतून हातभर जलपर्णी उपसली आणि म्हणाली, "गुणाजी, एक लक्षात ठेव. इंजिन चालू असताना कचऱ्यात बोट घालू नकोस."

"नाही घालणार."

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. बोट गुणाजीनं नेली. मध्यावर जलपर्णीचा हिरवागार पट्टा आला. गुणाजीनं लगेच इंजिन बंद केलं, वल्हं काढलं आणि वल्हवत सुटला. पट्टा अर्धा किलोमीटर लांब होता. पोरं शाळेत पोचली तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा होत होती. पोरं खूश. गुरुजी सोडून सगळे खूश.

"अरे, वल्हवलीस कशाला?" कालिंदीताईनं विचारलं.

"तूच म्हणालीस, ताई. इंजिन चालू असताना कचऱ्यात बोट घालू नको."

"हाताचं बोट रे! आत पातं फिरत असतं, तुटेल ना!"

"मग तसं सांगायचं."

"आता सांगते. मी बोट म्हटलं की हाताचं बोट. कळलं?"

"कळलं."

आठवडा बरा गेला. मग एका संध्याकाळी वारा सुटला. घरी निघताना कालिंदीताई वरूनच ओरडली, "गुणाजी, बोट खुंटाला घट्ट बांधून ठेव रे!"

सकाळी ती काठावर आली. खुंट होता. दोरी होती. खुंटाशी गुणाजी बसला होता. पाण्यावर काहीच नव्हतं.

"बोट कुठाय?"

"हे काय!" गुणाजीनं अभिमानानं दाखवलं. खुंटाला बांधलेलं बोट निळंजांभळं पडलं होतं. "रात्रभर हललंसुद्धा नाही, ताई."

बोट तीन किलोमीटरवर बाभळीत अडकलेली सापडली. ती ओढून आणायला कोळ्यांच्या दोन होड्या आणि अख्खी दुपार लागली.

"आजपासून तू बोटीला हात लावायचा नाहीस," कालिंदीताई म्हणाली. "कुठल्याच बोटीला, कुठल्याच बोटाला. ही आकड्याची काठी घे. पाण्यात काही तरंगताना दिसलं की ओढायचं आणि खताच्या खड्ड्यात टाकायचं. बस्स."

"बस्स," गुणाजी म्हणाला.

चार दिवस काठ आरशासारखा स्वच्छ. पाचव्या दिवशी सरपंच दौलतनाना पोहायला उतरले. वय झालं होतं, पण उताणं पडून, पोट वर काढून, डोळे मिटून तासभर तरंगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गुणाजीनं पाहिलं. तरंगत होते. त्यानं चड्डीच्या नाड्यात आकडा अडकवला आणि ओढलं.

कालिंदीताई धावत आली तेव्हा नाना खड्ड्यात होते, कमरेपर्यंत शेणात.

"अरे गाढवा, नाना ओरडत नव्हते का?"

"ओरडत होते की. पण तरंगतही होते."

"ताई, याला आवर," नाना खड्ड्यातून म्हणाले, "नाहीतर बोट राहील आणि गावाला सरपंच राहणार नाही!"

कालिंदीताईनं कपाळाला हात लावला. "गुणाजी, यापुढे विचारल्याशिवाय कशालाही आकडा लावायचा नाही. आधी विचार, हो म्हटलं तरच ओढ."

"आधी विचारायचं," गुणाजी म्हणाला. त्याला ते पटलंही.

आणि चाचणीचा दिवस उजाडला. बोट तपासायला कचेरीतून हिंगमिरे साहेब आले. भरल्या अंगाचे, नारिंगी जाकीट घालून. बोटीत बसताच त्यांनी घड्याळ काढलं. "वीस मिनिटांत पलीकडे. पोचलो तर सही करतो. नाहीतर सोमवारी बोट दुसऱ्या धरणावर."

बोट निघाली. आकड्याची काठी घेऊन गुणाजीही बसला होता. मध्यावर गेली. घुर्रर्र झालं आणि थांबली.

"गुणाजी," कालिंदीताई दातओठ खात म्हणाली, "सकाळी कचरा काढला नाहीस?"

"सगळ्यांना विचारलं, ताई. एकेका पिशवीपाशी जाऊन विचारलं. एकही हो म्हणाली नाही."

बोलायला वेळ नव्हता. तिनं इंजिन बंद केलं, झाकण उघडलं आणि अर्धी आत शिरली. बाहेर फक्त पाय दिसत होते.

साहेबांनी वेळ काढायला विचारलं, "खाली पंखा नाही म्हणता, मग ही पुढे जाते कशी हो?"

"मागे फेकते म्हणून पुढे जाते, साहेब!" आतून आवाज आला. "जेवढं मागे फेकेल तेवढी पुढे!"

गुणाजी चमकला. इतकं सोपं होतं, तर आधीच का नाही सांगितलं?

"नऊ मिनिटं उरली," साहेब म्हणाले.

गुणाजीनं बादली उचलली आणि मागे फेकली. मग टायर फेकला. मग डबा, मग थर्मास, मग साहेबांचे बूट. बोट वीतभर सरकली.

"हलली!" गुणाजी आनंदानं ओरडला आणि आणखी जड काही दिसतंय का म्हणून इकडेतिकडे पाहू लागला. त्याची नजर साहेबांवर थांबली.

"अहो, हे काय? सोडा! सोडा मला!"

"सोडतोच आहे, साहेब."

धप्प! बोट चांगली हातभर पुढे गेली.

कालिंदीताई निर्माल्यानं भरलेली गोणी घेऊन वर आली. "निघाली एकदाची! साहेब कुठायत?"

"मागे. म्हणून तर आपण पुढे आलो."

साहेबांना वर घेतलं. डोक्यावर जलपर्णीचं फूल होतं. कालिंदीताईनं झाकण लावलं आणि इंजिन सुरू केलं. मागे पांढरा फवारा उसळला आणि बोट बाणासारखी सुटली. पलीकडचा काठ आला तेव्हा अर्धं मिनिट शिल्लक होतं.

साहेब अजून गुणाजीकडेच बघत होते. "हा बोटीबरोबरच असतो? बोट दुसऱ्या धरणावर गेली तर?"

"जिथे बोट तिथे तो, साहेब," कालिंदीताई म्हणाली. "नेमणूकच तशी आहे."

"दुसऱ्या धरणावर माझं घर आहे," साहेब म्हणाले. त्यांनी खिशातल्या प्लास्टिकच्या पाकिटातून कोरडा कागद काढला आणि ओल्या हातानं झर्रकन सही ठोकली. "बोट तुमची. हा कागद कचेरीत पोचला की कायमची तुमची. तोवरही इथून कुणी हलवायची नाही, नियम आहे."

कालिंदीताईचे हात सुकाणूवर होते, इंजिन चालूच होतं. म्हणून साहेबांनी कागद गुणाजीच्या हातात दिला आणि बजावलं, "हा आजच्या आज पुढे पाठव."

पुढे कसं पाठवायचं, हे आता गुणाजीला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो मागे वळला, हात खांद्यावरून नेला आणि अंगातला सगळा जोर लावून कागद थेट फवाऱ्यात फेकला.

कचेरी अजून त्या कागदाची वाट बघते आहे, आणि तो येईपर्यंत बोट शिसवलीतच आहे.