गाढवानं अडवलेला साकव

जनावरं मोकळेपणी बोलत होती तेव्हाची गोष्ट. रखमाजी कुंभाराचं गाढव मडकी घेऊन निघालं आणि ओढ्यावरच्या लाकडी साकवाच्या तोंडाशीच बसलं. मागे आख्खं वऱ्हाड खोळंबलं. लोकांनी आरडाओरडा केला, शेपटी पिरगाळून पाहिली, पण ते काही उठेना. एवढ्यात समोरचा साकव मधोमध मोडून ओढ्यात पडला.

"याला आधीच कळलं होतं," नवरीची आजी म्हणाली आणि तिनं नवरदेवाचा हार काढून गाढवाच्या गळ्यात घातला.

बाभळीवरचा कावळा चिडला. "तुझ्या खुरात काटा रुतला होता, मी पाहिलाय. सांग की त्यांना."

"सांगितलं," गाढव म्हणालं. "ते म्हणाले, बघा, आशीर्वाद देतंय."

नवा साकव झाला. आता ओलांडण्याआधी जो तो तिथं थांबून वाकायचा आणि गाढवाच्या नावानं मूठभर गवत ठेवायचा. पुढच्याच वर्षी अशी वाकलेली एक पोरगी ओरडली, "खालची तुळई कुजलीय." गावानं ती त्याच दिवशी बदलली.

गाढव निवांत गवत खात होतं. "पण गोष्ट खोटीच ना?" कावळा कुरकुरला.

"काटा खरा होता," गाढव म्हणालं. "पण काट्यासाठी कोण वाकलं असतं?"

कावळा घरट्याकडे उडाला. पिल्लं गोष्टीसाठी हटून बसली होती. त्यानं घसा खाकरला.

"एक होतं गाढव," तो म्हणाला, "फार शहाणं."