एका पारड्यातली चाळीस मुले

पूर्वी सोमवती नगरात वसुसेन राजाचे राज्य होते. तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या तुलाधराच्या, म्हणजे राजाचा मोठा तराजू सांभाळणाऱ्याच्या, घरी जन्मले आणि बापामागे तेच काम करू लागले.

त्या नगरात एक रीत होती. दर माघी पौर्णिमेला पाच वर्षांची चाळीस मुले एकाच भल्यामोठ्या पारड्यात बसवायची. दुसऱ्यात ठरलेली शिळा. मुलांचे पारडे खाली गेले की प्रजा धष्टपुष्ट आहे असे तुलाधराने जाहीर करायचे. मग नगारे वाजत, गूळ वाटला जाई. आता नदीच्या वरच्या घाटावरची, श्रीमंत वस्तीतली, तूपभात खाल्लेली लेकरे त्यात बसली की पारडे खाली जाणारच. त्याला काय अक्कल लागते? झाकली मूठ सव्वा लाखाची.

खालच्या आळीत मात्र हाल कुत्रे खात नव्हते. नदीकाठी, दोन्ही वस्त्यांच्या मध्ये, राजाचे कापड रंगवायचे रंगघर होते. त्याच्या वर पाणी नितळ, खाली काळेनिळे. तेच पाणी खालची आळी पीत होती. तिथल्या पोरांची पोटे फुगलेली आणि हातपाय काटक्या. वरून एक पाट काढून द्या, म्हणून लोक तीनदा राजाकडे आले. तिन्ही वेळा अमात्य पुंडरीक म्हणाला, "पारडं तर खाली जातंय. आजार आहे कुठे?"

आणि खरेच, पारडे दर वर्षी जास्तच खाली जात होते. मेलेली पोरे तराजूत बसत नाहीत. खालच्या आळीतली मेली की चाळीसचा आकडा भरायला वरच्या घाटावरची बसवत. ही त्या राज्याची भरभराट!

त्या वर्षी खालच्या आळीची अकरा मुले दगावली. पौर्णिमेला बोधिसत्त्वांनी सगळ्या मुलांना पारड्यातून उतरवले. ते म्हणाले, "महाराज, सहा वर्षं मी यांना एकत्र तोललं. आज नाही तोलणार."

एका पारड्यात त्यांनी राजपुत्राला बसवले. दुसऱ्यात राजपुत्राच्याच दिवशी जन्मलेली, रंगघरात कापड धुणाऱ्या बाईची मुलगी उप्पली. राजपुत्राचे पारडे जागचे हलले नाही. उप्पलीशेजारी तिच्याच आळीतली आणखी एक मुलगी बसवली, तेव्हा कुठे दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

पुंडरीक हसला. "ज्याचं त्याचं पूर्वकर्म. आणि या बायांना पोरांची स्वच्छता ठेवायला नको."

उप्पलीची आई म्हणाली, "कशानं ठेवू, अमात्य? त्याच पाण्यानं?"

बोधिसत्त्व राजाला म्हणाले, "कर्माचंच असेल तर राजपुत्रानं वर्षभर खालच्या आळीचं पाणी प्यावं. पुण्य भक्कम असेल तर वजन घटायचं नाही."

राजा उठला आणि त्याने मुलाला पारड्यातून उचलून छातीशी धरले.

"उत्तर मिळालं, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले. "ही बाईही तिच्या लेकराला असंच उचलेल. पण न्यायचं कुठे, ते तुम्ही सांगा."

राजाची मान खाली गेली. त्याने रंगघर नगराबाहेर, वस्तीच्या खाली हलवायला सांगितले आणि पाट खोदायला घेतला. पण वरच्या घाटावरच्या बागांना धक्का लागतो म्हणून पाट दोनदा अडला. रंगघरही रखडले. चांगले पाणी यायला दोन वर्षे लागली. उप्पली पहिल्याच पावसाळ्यात गेली.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आज इथे बसलेला गृहस्थ नंदक. तेव्हाचा अमात्य म्हणजे भिक्खू उत्तिय, जो काल भिक्षेहून येताना एका आजारी पोराकडे पाहून 'भोगतोय आपलं' म्हणाला. उप्पलीची आई म्हणजे भिक्खुणी धीरा. आणि तुलाधर मी होतो. त्या जन्मी मी सत्यपारमिता, खरं बोलण्याचं व्रत, पाळली. पण सहा वर्षं उशिरा पाळली, आणि उशिरा बोललेलं खरं उप्पलीच्या काही कामी आलं नाही."