दातेरी शिखरं

“मग हे पाणी नाही तर काय आहे, सर?”

हर्षद बोराटेने आलेख टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच.

पेशीच्या पातळ आवरणात बसलेलं एक जांभळं प्रथिन आम्ही तेव्हा अभ्यासत होतो. उजेड पडला की ते आतला प्रोटॉन बाहेर पोचवतं. पोचवताना त्यात नेमकं काय हलतं, ते अवरक्त किरणांनी पाहायचं. हर्षदला आलेखात नवी शिखरं सापडली होती. बारीक, दातेरी. प्रथिनाच्या पोटात पाण्याचे रेणू हलताहेत, असं त्याचं म्हणणं. पाच वाजेपर्यंत शोधनिबंध पाठवायचा होता. त्याचा पहिलाच.

“पाणीच आहे,” वर्तक सर म्हणाले.

“म्हणजे मान्य!”

“पाणी मान्य. कुणाचं?”

“प्रथिनाचं. तिथं काय नळ आहे, सर?”

आम्ही हसलो. सरही हसले.

“झाकण लावल्यावर चहा घेतलास?”

आमच्याकडे ती रीत होती. यंत्राच्या कप्प्यात नमुना ठेवून झाकण लावलं की आत कोरडा नायट्रोजन सोडायचा, आणि तो दमट हवा बाहेर ढकलेपर्यंत सगळ्यांनी गच्चीवर चहाला जायचं. कान तुटलेले कप, जळका स्टोव्ह, समोर टेकडी... घाई अशी कुणाला नसायचीच.

“मी चहा घेत नाही. वेळ जातो.”

सरांनी नमुना काढून बाजूला ठेवला. रिकाम्या कप्प्याचं झाकण उघडं धरलं.

“तुझा शोध सांग याला.”

“यंत्राला?”

“जवळ जाऊन. सविस्तर.”

हर्षद आमच्याकडे डोळा मिचकावून वाकला. चार वाक्यं बोलला. सरांनी झाकण लावलं, कळ दाबली.

संगणकावर तीच शिखरं उगवली. आणखी उंच.

...

“माझा श्वास,” हर्षद म्हणाला.



पाच वाजले. त्याने काही पाठवलं नाही. आलेख मात्र फाडायला घेतला, तेव्हा सरांनी खणातून एक पिवळा पडलेला कागद काढून त्याच्यापुढे सरकवला.

तेच दात. कोपऱ्यात मृणालबाईंच्या अक्षरात ‘रद्द’. बाई म्हणजे सरांच्या पत्नी. याच यंत्रावर काम करायच्या. त्यांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

“बाईंचीसुद्धा हीच चूक?”

“हीच.”

“मग ठेवलात कशाला, सर? यात प्रथिन दिसतसुद्धा नाही.”

सरांनी कागदाची दुमडलेली कड अंगठ्याने सरळ केली.

“त्या दिवशी ती झाकण उघडं टाकून हसत होती.”